फेटा फेटताना

पार्टीला जायला मला जाम आवडतं. पार्टी द्यायची म्हटलं की मात्र माझी ततपप होते.

आमचा ऑफिसमध्ये सात जणांचा ग्रुप आहे. दर दोन महिन्यांनी कुणाच्या तरी घरी जमायचं, पोटभर खायचं, बॉसची यथेच्छ नक्कल करायची आणि शेवटची लोकल पकडून परतायचं, असा आमचा फंडा. पवई झालं, वाशी झालं, अंधेरी दोनदा झालं. घोडबंदर रोडला तर इतक्या वेळा झालं की तिथला वॉचमन आता आम्हाला नावानिशी ओळखतो. चार वर्षांत पार्टी झाली नव्हती ती फक्त एका घरी. माझ्या!

माझं कारण ठरलेलं असायचं. "घरात रंगकाम चाललंय गं." चार वर्षं चालणारं रंगकाम एक तर ताजमहालाचं असू शकतं, नाही तर थापेबाजाचं. पण मित्र चांगले असतात, फार खोलात शिरत नाहीत. शिवाय मी प्रत्येकाकडे जाताना मोठा केक नेत असे. केकच्या आकारावरून कुणी तरी माझ्या मनातली धाकधूक ओळखायला हवी होती.

मुळात गोंधळ पत्त्याचा. "कुठे राहतेस?" असं विचारलं की मी म्हणते, "परळ." समोरचा लगेच म्हणतो, "वॉव! परळ!" त्याच्या डोळ्यांपुढे येतो चाळिसावा मजला, खिडकीतून समुद्र आणि खाली स्विमिंग पूल. तेही परळच आहे, नाही कुठे म्हणतेय मी? बिल्डर लोकांनी तर लोअर परळचं 'अप्पर वरळी' करून टाकलं. पण माझं परळ म्हणजे तीन मजली चाळ, लांबलचक गॅलरी, दहा बाय पंधराची खोली, खोलीतच मोरी आणि गॅलरीच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. समोरच्याचा गैरसमज मी कधी दूर केला नाही. खोटं बोलले नाही, फक्त गप्प बसले. त्यात मला मोठी हुशारी वाटायची.

ऑफिस तर घरापासून चालत वीस मिनिटांवर. परळ स्टेशनाच्या बाजूने निघायचं, रूळ ओलांडून प्रभादेवीला उतरायचं (२०१८ पर्यंत याच स्टेशनला आपण एल्फिन्स्टन रोड म्हणत होतो) आणि पुढे काचेच्या इमारतींच्या गर्दीत शिरायचं. वीस मिनिटांत मी दोन शहरं बदलते. दोन्हीकडे माझं बरं चालतं. अट एकच होती. दोघांची भेट होता कामा नये.

पोपट झाला!

मग ऑफिसमध्ये एक नवा मुलगा आला. इंदूरचा, सरळ मनाचा. चहाच्या मशीनपाशी त्याने मला एकदम विचारलं, "तुम्ही सगळ्यांकडे जाता, पण घरी कुणालाच बोलवत नाही. आम्ही तुमच्या लेव्हलचे नाही, असं आहे का?"

मी बघतच राहिले. म्हणजे इतकी वर्षं मी लपवत होते माझं लहान घर, आणि समोरच्याला दिसत होता माझा मोठा तोरा! तोंडातून शब्द निघून गेले, "पुढचा शनिवार. माझ्याकडे. सगळे."

जागेवर परत येऊन बसले आणि लक्षात आलं, बोंबला! आता काय?

टेन्शन आलं की मी मेनू ठरवते. स्टार्टर काय ठेवायचा? पदार्थ झटपट हवा, ओव्हन न लागणारा हवा (ओव्हन आहे कुणाकडे?), दिसायला एकदम सही हवा आणि ऐन वेळी गॅसपाशी उभं राहायला न लावणारा हवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात दहा बाय पंधराच्या खोलीत कढई तापवून बघा, पाहुणेच तळून निघतील. शोधता शोधता सापडला 'व्हिप्ड फेटा डिप'. फेटा चीज मिक्सरमध्ये फेटायचं, पसरट बोलमध्ये काढायचं, चमच्याच्या पाठीने त्यात गोल खळगे करायचे, वरून तेल सोडायचं. पावाबरोबर, काकडीबरोबर खायचं. दहा मिनिटांचं काम. फोटोत तर असं दिसतं की पगार वाढल्यासारखं वाटावं.

आईला सांगितलं, "शनिवारी ऑफिसचे सहा जण येतायत. मी फेटा करणार आहे."

"फेटा? कुणाचं लग्न आहे?"

"आई, चीज असतं ते. ग्रीसचं."

"बरं. आणि मी वडे करते. गरम गरम."

"नको ना आई."

"का गं?"

"अगं, ते… ऑफिसचे लोक आहेत."

आई काही बोलली नाही. आमच्या आईचं न बोलणं भांड्यांमधून ऐकू येतं. त्या रात्री मोरीतली पातेली जरा जास्तच आवाज करत होती. मी कानांत इअरफोन घातले आणि पुढची रेसिपी बघत बसले. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पहिला प्रयोग, अर्थात ताक

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मॉलमधल्या परदेशी सामानाच्या दुकानात गेले. तिथे दोन प्रकारचे फेटे मांडलेले. एक थेट ग्रीसहून आलेला, मेंढीच्या दुधाचा. दुसरा आपल्याकडेच बनलेला, गाईच्या दुधाचा, दर निम्म्याहून कमी. खरा ग्रीक फेटा मेंढीच्या दुधाचा असतो, फार तर त्यात थोडं शेळीचं दूध चालतं. युरोपीय संघात २००२ पासून 'फेटा' हे नाव फक्त ग्रीसमधल्या चीजलाच लावता येतं. आपल्याकडे मात्र सगळेच फेटे बांधतात! मी दुसरा घेतला. ग्रुपमध्ये दोघं शाकाहारी आहेत म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपकाही बघून घेतला. दूध विरजवण्यासाठी वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ वापरायची बऱ्याच चीजमध्ये पद्धत आहे. ठिपका हिरवा असला की ती काळजी नाही.

फेटा दिसायला पनीरचा भाऊ, पण स्वभाव वेगळा. पनीर म्हणजे उकळत्या दुधात लिंबू पिळून फाडलेलं दूध. ना आंबट, ना खारट, गरीब बिचारं. फेट्याचं दूध विरजून घट्ट करतात, त्याचे तुकडे कापतात आणि मिठाच्या पाण्यात मुरत ठेवतात. लोणच्यासारखं म्हणा ना! म्हणून तो आंबट, खारट आणि हात लावला की भुगा होणारा. नुसता फेटला तर रवाळ राहतो. त्याला मऊ करायला काही तरी मलईदार लागतं. रेसिपीत लिहिलं होतं 'ग्रीक योगर्ट'.

ग्रीक योगर्ट म्हणजे दही, असा हिशेब करून मी कोपऱ्यावरच्या डेअरीतून पाव किलो दही आणलं. फ्रिजमधला गारेगार फेटा कुस्करला, दही ओतलं, सवयीने चमचाभर मीठ टाकलं आणि मिक्सर तीनवर फिरवला. चांगला तीन-चार मिनिटं. झाकण उघडलं. आत होतं ताक! खारट, गुठळ्यांचं ताक. चमचा उभा राहायच्या ऐवजी बुडाला.

साडेतीनशे रुपये मोरीत गेले. मी खाली बसले आणि चक्क रडले. खरं सांगायचं तर ते रडणं फेट्याचं नव्हतं. शनिवारी दार उघडल्यावर सहा चेहरे काय करतील, हे मला आठवडाभर दिसत होतं. डिप छान झालं असतं तर त्या चेहऱ्यांपुढे धरायला हातात काही तरी असतं. आता तेही नव्हतं.

आई कट्ट्यापाशी आली. बोट बुडवून चाखलं.

"चक्का का नाही घातलास?"

"काय?"

"पाणी काढलेलं दही लागतंय याला. तुझ्या त्या पाकिटावर काय नाव आहे ते असू दे. हे ग्रीकचं दही म्हणजे आपला चक्काच ना?"

आहे की! दसऱ्याला, पाडव्याला श्रीखंडासाठी करतो तोच चक्का. ग्रीसमध्येही दही कापडातून गाळून त्यातलं पाणी काढतात, आपणही तेच करतो. आपण त्यात साखर-वेलची घातली, त्यांनी काकडी-लसूण. मी एमबीए झाले तरी एवढं साधं डोक्यात आलं नाही.

मोरीच्या नळाला टांगलेला

शुक्रवारी संध्याकाळी आईने किलोभर दही आणलं. लाकडी पेटीतून मलमलचं एक जुनं कापड काढलं, ओलं करून पिळलं, त्यात दही ओतलं, चार टोकं एकत्र करून गाठ मारली आणि पुरचुंडी मोरीच्या नळाला टांगली. खाली पातेलं. थेंब, थेंब, थेंब.

ते कापड आजोबांच्या मिलमधलं. आजोबा साचेखात्यात होते. कुठल्याशा दिवाळीला मिलच्या दुकानातून आजीने मलमल घेतली होती, तिचाच हा तुकडा. मिल गेली, आजोबा गेले, आजी गेली. कापड अजून दही गाळतंय.

"रात्रभर बाहेर नको ठेवू," आई म्हणाली, "आंबेल. दोन तास नळाला, मग चाळणीत ठेवून फ्रिजमध्ये."

दोघी पाटावर बसून थेंब मोजत होतो. मी हळूच म्हटलं, "आई, वडे पण कर ना उद्या."

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "ऑफिसचे लोक आहेत ना?"

माझंच वाक्य, व्याजासकट परत!

"चुकलं माझं," मी म्हटलं. दोन शब्दांना किती वजन असतं ते तेव्हा कळलं. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बटाटे किती लागतील ते सांग. आणि तळण शेजारच्या काकूंकडे करू, इथे धूर होईल."

झालं! काकूंना कळलं म्हणजे मजल्याला कळलं. शनिवारी दुपारपर्यंत चार घरांतून सहा खुर्च्या, दोन टेबलफॅन आणि एकसारख्या दिसणाऱ्या आठ प्लेट्स जमल्या. बर्फ काकूंच्या फ्रिजमध्ये. समोरच्या खोलीतला दादा विचारून गेला, "गाणी लावायला स्पीकर देऊ का गणपतीचा?" त्याला हात जोडले. मंडळाचा स्पीकर लावला असता तर पाहुण्यांना रस्ता विचारावा लागला नसता, आवाजावरूनच आले असते. बाबांनी गॅलरीचा झीरोचा बल्ब बदलून चांगला लख्ख लावला आणि संडासाच्या बाहेर नवी बादली, नवा मग ठेवला. माझ्याशी काही न बोलता. म्हणजे मला कसली भीती वाटतेय, हे घरात सगळ्यांना केव्हापासून माहीत होतं.

चार वाजता मी पुन्हा मिक्सर काढला. या वेळी शहाणी झाले होते. फेटा तासभर आधी फ्रिजमधून काढून ठेवलेला. थंड फेटा नीट फेटला जात नाही, खोलीच्या तापमानाला आला की मऊ पडतो. दहा मिनिटं साध्या पाण्यात बुडवून त्याचा जास्तीचा खारटपणा काढला आणि पाणी नीट निथळलं. आधी नुसता फेटा पल्सवर फिरवला, मग चक्का घातला. मिक्सर सलग चालवायचा नाही. आपल्या मिक्सरचा वेग भयंकर, भांडं तापतं, डिप पातळ होतं. थांबत थांबत, मधे कडा खरवडत. मीठ अजिबात नाही! लिंबाची साल किसून घातली, फक्त पिवळी, पांढरी कडू लागते. झाकण उघडलं तर आत ढग. चमचा उभा राहिला.

"आता यावर काय?" आईने विचारलं.

"ऑलिव्ह ऑइल आणि मध."

"मध?" आईच्या चेहऱ्यावरून मध बाद झाला. तिने पळीत तेल तापवलं, लसूण ठेचून टाकला, तो तांबूस झाल्यावर गॅस बंद केला आणि मग लालबागच्या मसाला गल्लीतून आणलेलं तिखट घातलं, म्हणजे करपायला नको. ती लाल फोडणी थोडी निवू दिली आणि पांढऱ्या डिपच्या खळग्यांमध्ये सोडली. मी सॅम्पल चाखलं. ग्रीस आणि मालवण यांची सोयरीक जमली होती.

दोन शहरांची भेट

सात वाजता ते आले. जिन्यावरून चढताना त्यांचे आवाज कमी कमी होत गेलेले मला ऐकू आले. दार उघडंच होतं. चाळीत दार बंद कोण करतं? सहा जण गॅलरीत उभे. चपला कुठे काढायच्या, एवढ्यावरून दोन मिनिटं गेली.

"या, या, बसा," आई म्हणाली. मग तिची खास हिंदी: "बैठो बैठो, लाजना नहीं हां!"

पहिली दहा मिनिटं अवघड गेली. खोटं कशाला सांगू? सगळे जरा जास्तच छान वागत होते. आमच्यातली एक जण जुन्या लाकडी खिडकीकडे बघून म्हणाली, "सो व्हिंटेज!" तिच्या मनात वाईट नव्हतं, तरी मला खटकलं. ज्या खिडकीतून पावसाळ्यात पाणी येतं आणि ज्याखाली आम्ही पातेली ठेवतो ती व्हिंटेज कशी? मी हसले आणि डिप पुढे केलं.

डिपने काम केलं. बेकरीतला कडक पाव कापून ठेवला होता, काकडी होती, गाजर होतं. इंदूरच्या पोराने मात्र ताटातली चकली उचलून थेट फेट्यात बुडवली. दोन सेकंद शांतता. मग सगळ्यांचे हात चकलीकडे! मोठा बोल पंधरा मिनिटांत पुसून लख्ख झाला. तेवढ्यात काकूंकडून वड्यांची पहिली खेप आली आणि वडेही फेट्यात बुडू लागले. आई दारात उभी राहून बघत होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने भुवया उडवल्या.

साडेआठच्या सुमारास तो प्रश्न आला. ज्याला मी चार वर्षं घाबरले होते.

"वॉशरूम कुठे आहे?"

मी म्हटलं, "चल, सोडते." दोघी गॅलरीतून निघालो. पाच दारं, पाच टीव्ही, पाच घरांतून "जेवण झालं का?" टोकाला बाबांनी लावलेला लख्ख दिवा. परत येताना ती म्हणाली, "आपल्या फ्लोअरवरच्यापेक्षा स्वच्छ आहे." थोडं पुढे आल्यावर म्हणाली, "तू यासाठी बोलवत नव्हतीस?" मी मान हलवली. "माझं नागपूरचं घर असंच होतं, अंगण ओलांडून जायचं," ती म्हणाली. चार वर्षं आम्ही शेजारी बसतो. हे मला माहीत नव्हतं, कारण मीही कधी विचारलं नव्हतं.

खोलीत परतलो तर सगळे आईभोवती. कुणी तरी म्हणालं होतं, "आंटी, एवढ्याशा जागेत सहा लोकांचं करायचं म्हणजे किती त्रास!"

आई हसली. "सहा? आमच्या सासूबाई याच खोलीत रोज वीस माणसं जेवायला घालायच्या."

आजीची खाणावळ होती, एवढं मला ठाऊक होतं. त्या काळी परळ-लालबागमध्ये मजल्यामजल्यावर खाणावळी. कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष बायकामुलांना गावी ठेवून मिलमध्ये लागायचे, गावकीच्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे आणि जेवायला अशा एखाद्या घरी लावून घ्यायचे. ज्याची जशी पाळी तशी त्याची पंगत. पैसे पगाराला. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खाणावळवाल्या बायकांसाठी, त्यांना सावकाराच्या ऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून.

हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

आई सांगत होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार. पगार बंद. जेवणारे वीस जण मात्र रोज येत राहिले, जाणार कुठे? आजीने वही घातली. पहिल्या महिन्यात वाटलं, मिटेल. दुसऱ्या महिन्यात आजीच्या पाटल्या गहाण पडल्या. आजोबाही संपातच. भात राहिला, मासळी गेली. मग आमटी पातळ झाली. पावसाळ्याच्या तोंडावर एकेक जण गावी निघून गेला आणि पंगत उठली ती कायमची. संप तर अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आजोबांना पुन्हा काम मिळालं नाही.

"मी लग्न होऊन आले नव्वद साली," आई म्हणाली, "तेव्हा खाणावळ नव्हती. वही होती."

"उधारी वसूल केली का मग?" कुणी तरी विचारलं.

"कुणाकडून? एक जण आला होता गावाहून, सासूबाई सांगायच्या. पोराच्या लग्नाची पत्रिका घेऊन. पत्रिकेखाली चाळीस रुपये ठेवून गेला. चहा पण नाही घेतला."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. इंदूरच्या मुलाने विचारलं, "आजोबा कुठल्या मिलमध्ये होते?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "आपल्या."

"आपल्या म्हणजे?"

"आपलं ऑफिस आहे ना, तीच मिल. पॅन्ट्रीच्या खिडकीतून चिमणी दिसते बघ. रात्री तिच्यावर निळा लाइट सोडतात ती."

सगळे माझ्याकडे बघत होते. चार वर्षं आम्ही त्याच खिडकीशी उभं राहून कॉफी पितो. त्या चिमणीचा फोटो आमच्या टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला लावलेला आहे. आणि मी एकदाही बोलले नव्हते.

"बरं," आई म्हणाली, "आता तिथे चहा तरी धड मिळतो का?"

"नाही आंटी, मशीनचा असतो," सहा जण एका सुरात.

"मग घेऊन जाईल ही डब्यातून," असं म्हणून आईने आधण ठेवलं, आणि खोलीत पुन्हा हसणं सुरू झालं.

त्या रात्री सगळे गेल्यावर मी पाण्याची बाटली घेऊन गॅलरीत बसले. आजीने या खोलीत वीस परके पुरुष रोज जेवू घातले. पैसे नव्हते तेव्हाही घातले. जागा कमी आहे, लोक काय म्हणतील, हे तिच्या डोक्यात आलंही असेल, कोण जाणे. पण दार तिने लावलं नाही. तिच्याच खोलीत राहून मी सहा मित्रांना चार वर्षं बाहेर ठेवलं, आणि वर रंगकामाचं कारण सांगितलं.

सोमवारी ऑफिसला गेले. माझ्या टेबलावर एक चिठ्ठी चिकटवलेली: "रंगकाम मस्त झालंय!" अक्षर कुणाचं ते मी ओळखलं आहे, वेळ आली की बघून घेईन.

परवा घरी आले तर आई मलमलचं कापड धुऊन वाळत घालत होती. मला बघून म्हणाली, "काय गं, तुझ्या पोरांचा तो फेटा परत कधी बांधायचा?"

चौकट

फोडणीचा फेटा (६ ते ७ जणांसाठी)

साहित्य: फेटा चीज ४०० ग्रॅम, चक्का २०० ग्रॅम, साधं किंवा ऑलिव्ह तेल ४ चमचे, एका लिंबाची किसलेली पिवळी साल, लसूण ६ पाकळ्या, लाल तिखट १ चमचा.

कृती: किलोभर सायीचं दही ओल्या मलमलमध्ये बांधून दोन तास टांगा, मग चाळणीत ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये निथळू द्या. साधारण चारशे ग्रॅम चक्का निघतो. उरलेल्याचं श्रीखंड करा. फेटा दहा मिनिटं पाण्यात बुडवून निथळा आणि तासभर बाहेर ठेवा. मिक्सरमध्ये पल्सवर थांबत थांबत फिरवा. चक्का, दोन चमचे तेल आणि लिंबाची साल घालून मऊसूत होईपर्यंत पुन्हा फिरवा. पसरट बोलमध्ये काढून खळगे करा. उरलेल्या तेलात लसूण तांबूस परता, गॅस बंद करून तिखट घाला, थोडं निवलं की वरून सोडा.

बजेट टाइट असेल तर: फेट्याच्या ऐवजी ताजं मऊ पनीर घ्या. गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून निथळा, मीठ आणि थोडा लिंबाचा रस घाला. चव फेट्याची येणार नाही, पण बोल रिकामा होईल.

टीप: चकली हवीच. आणि दार उघडं ठेवा.